कोडाक्रोम : अंधारात शिट्टी वाजवणारे दोन मित्र

हेडफोन लावलेत ना? मग बसा निवांत. आणि जे हा भाग ऐकण्याऐवजी वाचतायत, तुम्हीही बसा. बोलताना जसं बोललो तसंच जवळजवळ इथे उतरवलंय, त्यामुळे मध्येच गाडी रुळावरून घसरली तर सांभाळून घ्या.

तर झालं असं. मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीचा मेसेज आला. मेसेज कसला, नुसता एक फोटो. तळहातावर ठेवलेला एक जुना ३५ एमएम रोल. पिवळा-लाल. आणि खाली एक ओळ : "आजोबांच्या कॅमेऱ्याच्या कव्हरमध्ये सापडला. काढलेला रोल आहे, पण धुतलेला नाही. रंग येतील का रे?"

आम्हा दोघांना फिल्मचं वेड आहे हे तुम्हाला माहीत आहेच. कॉलेजपासून आमच्या गप्पा त्याच. कुठला रोल कुठे मिळतो, कितीला पडतो, छत्तीसपैकी किती फोटो फुकट गेले. चहाच्या टपरीवर दोन कटिंगमध्ये दीड तास सहज जातो. त्यामुळे रोल बघितल्यावर मी आधी फोटो झूम केला, नाव वाचलं आणि थोडा वेळ काहीच टाइप केलं नाही.

त्यावर लिहिलं होतं : कोडाक्रोम.

मी तिला फोन केला. म्हटलं, "अगं, रंग येतील का ते सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट ऐकावी लागेल." ती म्हणाली, "म्हणजे येणार नाहीत." मी म्हटलं, "ऐक तर खरं."

आज तीच गोष्ट तुम्हाला सांगतोय. कारण ही फिल्म कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत सुचलेली नाही. ती सुचली दोन शाळकरी मित्रांना, एक वाईट सिनेमा बघून बाहेर पडल्यावर.

दोन लिओपोल्ड

साल १९१७. शहर न्यूयॉर्क. रिव्हरडेल नावाच्या शाळेत दोन मुलं होती आणि गंमत म्हणजे दोघांचंही नाव लिओपोल्ड. एक लिओपोल्ड मॅनेस, दुसरा लिओपोल्ड गोडोव्स्की. दोघंही संगीतकारांच्या घरातले. मॅनेसच्या आईवडिलांनी न्यूयॉर्कमध्ये संगीत शाळा काढली होती आणि तो स्वतः पियानो वाजवायचा. गोडोव्स्कीचे वडील त्या काळातले नावाजलेले पियानोवादक, आणि मुलाने हातात घेतलं व्हायोलिन.

आता पियानो आणि व्हायोलिन म्हणजे जोडी जमणारच. पण यांची मैत्री आणखी एका गोष्टीवर जमली. दोघांनाही कॅमेऱ्याचं वेड होतं.

एके दिवशी दोघं एक सिनेमा बघायला गेले. 'अवर नेव्ही' नाव. जाहिरात अशी की हा रंगीत सिनेमा आहे! दोघं मोठ्या आशेने गेले आणि वैतागून बाहेर आले. रंग इतके भिकार, की याला रंगीत कसं म्हणायचं?

आपणही थिएटरमधून बाहेर पडताना म्हणतोच, "यापेक्षा मी बरा काढला असता." म्हणतो, वडापाव खातो आणि घरी जातो. या दोघांनी मात्र ते मनावर घेतलं. शाळेची फिजिक्सची लॅब वापरायची परवानगी मिळवली आणि कामाला लागले.

फोनच्या स्क्रीनवर पाण्याचा थेंब

इथे एक छोटा प्रयोग करू. तुमच्या फोनच्या स्क्रीनवर पाण्याचा अगदी बारीक थेंब टाका. अगदी बारीक हं, फोन बिघडला तर मला बोलू नका! त्या थेंबातून बघितलं तर लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. तुमच्या स्क्रीनवरचे सगळे रंग या तीन रंगांच्या उजेडाच्या बेरजेतून येतात.

दोन लिओपोल्डनी सुरुवात याच बेरजेपासून केली. वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून वेगवेगळी चित्रं घ्यायची आणि पडद्यावर एकावर एक टाकायची. चित्र उमटलं, पण ती सगळी नेमकी एकावर एक बसवणं म्हणजे डोक्याला ताप. शिवाय ही वाट आधीच इतरांनी चालून झालेली होती.

मग १९२१च्या सुमारास त्यांनी दिशा बदलली. कॅमेऱ्यात तीन चित्रं कशाला घ्यायची? एकाच फिल्मवर तीन थर देऊ. वरच्या थराने निळा उजेड टिपायचा, मधल्याने हिरवा, खालच्याने लाल. सगळी भानगड फिल्मच्या आत. फोटो काढणाऱ्याने फक्त बटण दाबायचं.

ऐकायला सोपं. करायला? त्यासाठी त्यांना पुढची चौदा वर्षं लागली.

कारण एक गोष्ट लक्षात घ्या. फिल्ममध्ये असते चांदी. म्हणजे चांदीचे क्षार. आणि चांदीला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. रंग कळत नाही. प्रत्येक थराने आपापला उजेड टिपला तरी चित्र उमटतं ते काळंपांढरंच. त्या काळ्यापांढऱ्या चित्राच्या जागी रंग आणायचा कुठून? जर्मनीत रुडॉल्फ फिशर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या आधीच एक वाट दाखवली होती : फिल्म धुताना जे रसायन चांदीवर काम करतं, त्याच्याकडूनच तिथल्या तिथे रंगही तयार करून घ्यायचा. पण रंग तयार करणारी ही द्रव्यं फिल्मच्या थरात मिसळली की एका थरातून दुसऱ्या थरात झिरपायची. पांढऱ्या कपड्यांत एक लाल ओढणी धुवायला पडली की काय होतं? तसंच.

बाथटब, किचन आणि उसना पैसा

शाळा संपली. मॅनेस हार्वर्डला गेला, गोडोव्स्की कॅलिफोर्नियात जाऊन ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवू लागला. अमेरिकेच्या दोन टोकांना दोन मित्र. आजच्यासारखा व्हॉट्सॲप ग्रुप नाही, व्हिडिओ कॉल नाही. तरी प्रयोग थांबले नाहीत. पुढे दोघं न्यूयॉर्कला परत आले. दिवसा संगीत, आणि उरलेल्या वेळात घरच्या बाथटबमध्ये आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये फोटोच्या प्लेट्स धुणं. घरच्यांना काय वाटत असेल, विचार करा. पोरं चांगली वाजवतात आणि मोरीत रसायनं ओतत बसतात!

पैसा मात्र संपत आला. इथे नशिबाने थोडा हात दिला. कोडॅक कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते केनेथ मीस. त्यांची या दोघांशी ओळख झाली आणि त्यांनी हव्या तशा प्लेट्स तयार करून पुरवायला सुरुवात केली. दुसरीकडे एका जहाजावर मॅनेसची एका मोठ्या गुंतवणूक कंपनीतल्या माणसाशी गाठ पडली. बोलता बोलता विषय निघाला. पुढे त्या कंपनीचा माणूस यांचा प्रयोग बघायला घरी आला. प्लेट धुऊन होईपर्यंत पाहुण्याला बसवून कसं ठेवायचं? दोघांनी पियानो-व्हायोलिन वाजवून दाखवलं आणि मध्ये मध्ये आत जाऊन प्लेट बघून आले. शेवटी २० हजार डॉलर मिळाले.

आता शिट्टीची गोष्ट. फिल्म धुताना काही टप्पे पूर्ण अंधारात करावे लागतात. चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळसुद्धा चालत नाही, त्या उजेडानेही फिल्म खराब व्हायची. मग अमुक सेकंद झाले हे कळणार कसं? पण ही तर संगीतकार मंडळी! त्यांच्या अंगातच लय. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीचा शेवटचा भाग घ्यायचा, सेकंदाला दोन ठोके अशी लय धरायची आणि शिट्टी वाजवत राहायचं. अमुक इतकं वाजवून झालं, की काढा प्लेट बाहेर.

आपल्याकडे तबलजीला मनातल्या मनात मात्रा मोजताना बघितलंय ना? तसंच हे. फक्त सम आली की फोटो तयार.

१९३० मध्ये मीसने दोघांना कोडॅकमध्येच बोलावून घेतलं, रोचेस्टर शहरात. तिथल्या शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, हे वाजवणारे लोक इथे काय करतायत? आणि अंधाऱ्या खोलीतून शिट्ट्या कसल्या ऐकू येतायत? त्यात मंदीचा काळ. निकाल लवकर दाखवा, हा दबाव होताच.

तेव्हा दोघांनी एक निर्णय घेतला आणि आपली सगळी गोष्ट या निर्णयाभोवती फिरते. रंगद्रव्यं झिरपतायत ना? मग ती फिल्ममध्ये ठेवायचीच नाहीत. फिल्ममध्ये फक्त तीन काळेपांढरे थर. पिवळा, किरमिजी आणि निळसर हे तिन्ही रंग फिल्म धुताना, लॅबमध्ये, बाहेरून आणायचे. एकेका थरात एकेक.

१५ एप्रिल १९३५ रोजी कोडाक्रोम बाजारात आली. आधी १६ एमएम सिनेमाची फिल्म म्हणून, आणि १९३६ मध्ये ३५ एमएम स्लाइड्ससाठी. फिल्मच्या जगात तेव्हापासून एक कोटी चालते : कोडाक्रोम कोणी बनवली? 'गॉड अँड मॅन'ने. गोडोव्स्कीतला 'गॉड' आणि मॅनेसमधला 'मॅन'. देव आणि माणूस!

रंग टिकले, पण किल्ली कंपनीच्या खिशात

इथपर्यंत ऐकल्यावर माझी मैत्रीण फोनवर म्हणाली, "भारी आहे. पण माझ्या रोलचं काय?"

तिकडेच येतोय. तुम्हीही थांबा.

पहिल्या दोन-तीन वर्षांच्या कोडाक्रोम स्लाइड्सचे रंग लवकर उडायचे. १९३८ मध्ये धुण्याची पद्धत बदलली आणि मग जो रंग आला, तो आला. अंधारात ठेवलेल्या त्यानंतरच्या कोडाक्रोम स्लाइड्स आज बघितल्या तरी कालच काढल्यासारख्या वाटतात. १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर हिलरीने तेनझिंगचा जो फोटो काढला, तो याच फिल्मवर. १९८४ मध्ये स्टीव्ह मॅकरी यांनी पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला, तोही याच फिल्मवर. आपल्या रघुबीर सिंह यांनी गंगा, राजस्थान आणि मुंबईसुद्धा कोडाक्रोमवर टिपली. रंगीत फोटो म्हणजे जाहिरातीचं काम, गंभीर काम काळ्यापांढऱ्यातच, असं बरेच जण मानत होते तेव्हा हा माणूस म्हणत होता की भारत रंगांशिवाय दिसतच नाही.

पण आता दुसरी बाजू बघा. साधी काळीपांढरी फिल्म तुम्ही घरी धुऊ शकता. एक डबा, दोन-तीन रसायनं, बाथरूमचा दिवा बंद, दाराखालच्या फटीला टॉवेल. झालं. मी आणि माझी मैत्रीण तसंच करतो. कोडाक्रोमचं मात्र तसं नव्हतं. सुरुवातीला ती धुण्याचे २८ टप्पे होते आणि साडेतीन तास लागायचे. पुढे टप्पे कमी झाले, पण मोठी यंत्रं आणि हाताशी केमिस्ट लागायचाच. अमेरिकेत तर रोलच्या किमतीतच धुण्याचे पैसे धरलेले असायचे. तुम्ही रोल कंपनीला पाठवायचा, कंपनी स्लाइड्स करून परत पाठवणार. १९५४ मध्ये अमेरिकी सरकारने मक्तेदारीच्या खटल्यात हे वेगळं करायला लावलं, तेव्हा बाहेरच्या लॅबना वाट मिळाली.

तिकडे जर्मनीत आग्फा कंपनीने १९३६ मध्येच वेगळी युक्ती काढली होती. रंग तयार करणारी द्रव्यं झिरपणार नाहीत अशी त्यांनी थरातच बांधून टाकली. म्हणजे धुणं सोपं. आज ज्या रंगीत फिल्म मिळतात, त्यांची द्रव्यं अशी आतच असतात. म्हणून आज रंगीत रोलही घरी धुता येतो.

आलं ना लक्षात? ज्या दोन मित्रांनी घरच्या बाथटबमध्ये धडपडत ही फिल्म शोधली, ती फिल्म नंतर जगातल्या कुठल्याच दोन मित्रांना घरच्या बाथटबमध्ये धुता येणार नव्हती. त्यांनी हे मुद्दाम केलं का? नाही. तेव्हा हाच मार्ग हाताशी होता. रंग तर अप्रतिम मिळाले. पण त्या रंगांची किल्ली कायमची लॅबकडे राहिली. लॅब आहे तोवर रंग आहेत.

आणि लॅब बंद झाली

दोघांनी १९३९ मध्ये कोडॅक सोडलं. मॅनेस आईवडिलांच्या संगीत शाळेत परतला, पुढे तिचा प्रमुख झाला. गोडोव्स्कीने संशोधन चालू ठेवलं आणि व्हायोलिनही.

फिल्म मात्र चालत राहिली. मग सोप्या पद्धतीने धुता येणाऱ्या चांगल्या स्लाइड फिल्म आल्या, मग डिजिटल आलं आणि कोडाक्रोम मागे पडत गेली. रोल कमी आले म्हणून लॅब बंद झाल्या आणि लॅब बंद झाल्या म्हणून रोल आणखी कमी झाले. २२ जून २००९ रोजी कोडॅकने जाहीर केलं की आता कोडाक्रोम बनवणार नाही. ७४ वर्षांचा प्रवास थांबला.

तोवर अख्ख्या जगात एकच लॅब ती धूत होती. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाचं एक छोटं गाव आहे, तिथे. त्यांनी तारीख दिली : ३० डिसेंबर २०१०पर्यंत आमच्याकडे पोचलेले रोल धुऊ, नंतर नाही. मग जगभरातून पाकिटं यायला लागली. काही लोक स्वतः प्रवास करून आले. रेल्वेत काम करणारा एक माणूस तर १,५८० रोल धुऊन घेऊन गेला, सगळे आगगाड्यांचे फोटो!

कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल कोडॅकने स्टीव्ह मॅकरी यांना दिला. छत्तीस फोटो, बस्स. त्या रोलसाठी ते न्यूयॉर्कमध्ये फिरले आणि मग आले भारतात. मुंबईत अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास यांचे फोटो काढले, राजस्थानात रबारी लोकांचे. शेवटी स्वतः पार्सन्सला जाऊन रोल लॅबच्या हातात दिला. म्हणजे न्यूयॉर्कच्या शाळेत सुरू झालेल्या गोष्टीच्या शेवटच्या पानावर आपली मुंबई आहे.

मग त्या रोलचं काय झालं?

आता उत्तर. स्लाइड करून झालेली असेल तर कोडाक्रोमचे रंग पक्के. पण धुवायचाच राहिलेला रोल असेल तर त्यात रंग नाहीतच. ते कधी नव्हतेच. ते लॅबमध्ये बाहेरून यायचे होते आणि आता ते आणणारं कोणी नाही. अशा रोलमधून आज सहसा मिळतं ते काळंपांढरं चित्रच.

फोनवर हे सांगितल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "आजोबांचे एक मित्र बोटीवर नोकरीला होते. त्यांनी रंगीत रोल आणून दिला होता, असं आजी सांगायची. तो हाच असणार. कुठे धुवायला द्यायचा ते कळलं नाही म्हणून राहिला असेल."

एका रविवारी आम्ही तो तिच्या बाथरूममध्ये धुतला. या फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो सैल करायचा आणि बोटाने चोळून काढायचा. हात काळे झाले, बेसिन काळं झालं. अंधारात वेळ मोजायला आम्ही शिट्टी वाजवून बघितली, पण दोघांची लय काही जुळेना! शेवटी फोन दाराबाहेर ठेवून टायमर लावला.

बरेचसे फोटो धुक्यात गेल्यासारखे झाले होते. अकरा दिसले. गच्ची, एक सायकल, कुणाचं तरी बारसं. आणि एका फोटोत खिडकीशी उभी असलेली तरुण आजी, डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे बघतेय.

आम्ही तो स्कॅन करून फोनवर आजीला दाखवला. मी म्हटलं, "आजी, रंगीत रोल होता, पण रंग नाही काढता आले."

आजीने फोन लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "अरे बाळा, रंग मला विचार ना. साडी मोरपंखी, काठ लाल. खिडकीला हिरवा रंग नुकताच दिला होता, हाताला लागेल म्हणून हे ओरडत होते."

मैत्रिणीने ते सगळं त्याच फोटोच्या खाली टाइप करून ठेवलंय. साडी मोरपंखी, काठ लाल, खिडकी हिरवी, रंग ओला.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरात जुन्या स्लाइड्स असतील तर ओल नसलेल्या कपाटात, अंधारात ठेवा. प्रोजेक्टरवर सारख्या लावू नका, कोडाक्रोमला तो उजेड सोसत नाही. एकदाच नीट स्कॅन करून घ्या. न धुतलेला रोल सापडला तर आधी त्यावरचं नाव वाचा. आणि काळापांढरा फोटो सापडला, तर तो घेऊन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि विचारा, "हे कुठल्या रंगाचं होतं?"

उद्यावर टाकू नका. ही लॅब अजून चालू आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!